किंगफिशरचा फ्लोट सरळ कसा बसवायचा आणि खाऱ्या पाण्याच्या खुणा कुठे दाखवायच्या

निपाणीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मोनोग्राम कंपनीचं जुनं १/४८ मापाचं व्हॉट किंगफिशरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदलाच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं, प्लास्टिकचं मॉडेल किट हाती आलंय. आजवर चाकांचीच विमानं केलीत, फ्लोटचं, म्हणजे चाकांच्या जागी होडीसारखे पोकळ तरंगते भाग असलेलं, हे पहिलंच. मधला मोठा फ्लोट आणि पंखांखालचे दोन छोटे फ्लोट एका रेषेत कसे आणायचे, उठावाच्या पॅनेल रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या) घासून नव्या कोराव्यात का, तारा कशाच्या लावाव्यात, रंग किती झिजवावा, आणि पाऊस तोंडावर आलाय तर रंगकाम आता करावं की दसऱ्यापर्यंत थांबावं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करण्यात उमर घालवली. त्यामुळे माझ्या उत्तराला पॅटर्न शॉपचा वास येईल, पण फ्लोटच्या विमानाला तीच शिस्त उपयोगी पडते.

चाकाच्या विमानात लँडिंग गिअर आपण शेवटी लावतो आणि थोडं वाकडं बसलं तरी टायर जरा घासून वेळ मारून नेतो. फ्लोटच्या विमानात ती सोय नाही. इथे फ्लोट हीच डेटम लाइन, म्हणजे सगळी मापं जिच्यापासून घ्यायची ती रेषा. पाहणाऱ्याची नजर आधी फ्लोटवर जाते, मग पंखावर, आणि दोन्हींमधला कोन चुकला की बाकीची सगळी मेहनत पाण्यात. हिशेब करून पाहा. किंगफिशरच्या पंखांचा विस्तार जवळजवळ ११ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये साधारण २२.८ सेंटिमीटर. फ्लोट पंखाच्या मानाने फक्त एक अंश कलला, तर एका बाजूचं टोक दोन मिलिमीटर खाली आणि दुसऱ्या बाजूचं दोन मिलिमीटर वर. चार मिलिमीटरचा फरक कुणालाही लांबून दिसतो.

म्हणून माझा आग्रह असा की फ्लोट रंगाच्या आधी आणि उलट्या विमानावर बसवायचा. काचवाल्याकडून आठ मिलिमीटर जाडीची, फूटभर लांबी-रुंदीची काच आणा. हीच तुमची सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापाचा सपाट पाट. काचेखाली आलेख कागद चिकटवा आणि त्यावर एक जाड मध्यरेषा मारा. पाच मिलिमीटरच्या सनबोर्डमधून तीन आधार कापा: एक पुढच्या काउलिंगसाठी (इंजिनाच्या आवरणासाठी), दोन पंखांसाठी. शेपटीचा उभा भाग खाली काचेला टेकणार नाही एवढी उंची ठेवा. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, अजून लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको. आता विमान पाठीवर ठेवा आणि दोन्ही पंखांवर मुळापासून समान अंतरावर एकेक खूण करून तिची काचेपासूनची उंची व्हर्नियरने मोजा. दोन्ही आकडे जुळेपर्यंत आधाराखाली कागदाच्या पट्ट्या सरकवा. पंख टोकाकडे वर उचललेले असल्यामुळे मोजमाप नेहमी दोन्हीकडे एकाच ठिकाणी घ्यायचं.

पंख समतल झाला की मग फ्लोट. त्याच्या तळाची मधली धार, म्हणजे कील, आता आकाशाकडे आहे. फ्लोट आणि त्याला धडाशी जोडणाऱ्या दांड्या, म्हणजे स्ट्रट, गोंद न लावता बसवून पाहा. या वयाच्या साच्यात स्ट्रटच्या खुंट्या भोकात सैल असतात, आणि ते आपल्या फायद्याचं आहे, कारण सैलपणातच दुरुस्तीला जागा मिळते. कीलच्या पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ गुण्या लावून दोन्ही बिंदू मध्यरेषेवर येतात का बघा. मग समोर बसा, एक डोळा मिटा, आणि फ्लोटच्या दोन्ही कडा पंखाशी समांतर आहेत का ते पाहा. बाजूने बघताना फ्लोटचा धडाशी कोन किती, हे स्केल ड्रॉइंगवरून दोन उंच्या काढून ठरवा, अंदाजाने नको. जुळलं की स्ट्रटच्या मुळाशी सावकाश वाळणारा ट्यूबमधला प्लास्टिक सिमेंट लावा, फेविक्विक नव्हे. पंधरा-वीस मिनिटं हलवता आलं पाहिजे. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पुन्हा मोजा, आणि मगच प्रत्येक सांध्याला सुईच्या टोकाने फेविक्विकचा थेंब देऊन कुलूप लावा.

पंखांखालचे छोटे फ्लोट त्याच बैठकीत करू नका. मधला फ्लोट पक्का झाला की दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना एकाच जाडीचे ठोकळे ठेवून ते बसवा. एक लक्षात घ्या: मध्ये एकच फ्लोट असलेल्या विमानांत टोकाचे फ्लोट साधारणपणे पाण्याच्या जरासे वर राहतात. शांत पाण्यात विमान एका बाजूला किंचित कलतं आणि त्या बाजूचा फ्लोट टेकतो. तिन्ही फ्लोटचे तळ एका पातळीवर आणायचा हट्ट धरलात तर मॉडेल सरळ दिसेल, पण विमान चुकेल.

फ्लोटचे दोन अर्धे जोडताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. तळाला मध्यावर एक पायरी असते. ती शोभेची नाही. उड्डाणाच्या वेळी पाणी फ्लोटच्या तळाला धरून ठेवतं. पायरीमुळे मागच्या भागाखाली हवा शिरते आणि ती पकड सुटते. म्हणून पायरीची कड खऱ्या विमानात स्वच्छ आणि तीक्ष्ण असते. पुट्टी घासताना ती गोल झाली की फ्लोटचा अर्थच जातो. पायरीच्या दोन्ही बाजूंना टेपच्या दोन पट्ट्या लावून घासा. कीलचंही तसंच. साच्याची पार्टिंग लाइन, म्हणजे त्याचे दोन भाग मिळतात ती रेषा, नेमकी कीलवरून जाते. तिथली फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेला प्लास्टिकचा पापुद्रा, काढायची, धार नाही. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करू नका; आधी ब्लेडच्या पाठीने खरवडा, मग ८०० आणि १००० पाण्यात बुडवून.

आणि दोन अर्धे बंद करण्याआधी आत वजन घाला. पायरीच्या पुढच्या भागात टायरवाल्याकडे मिळणाऱ्या व्हील बॅलन्सिंगच्या वजनांचा एक-दोन तुकड्यांचा भार पुरे. मॉडेल चाकांच्या गाड्यावर उभं करणार असाल तर शेपटीकडे झुकत नाही. ही वजनं शिशाची असली तर ती फेविकॉलने कधीच चिकटवू नका. पांढरा गोंद आणि शिसं बंदिस्त जागेत वर्षानुवर्षं राहिलं की शिसं पांढरं पडून फुगतं आणि फ्लोटचा सांधा आतून उकलतो. अॅराल्डाइट वापरा.

आता पॅनेल रेषांकडे. या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या बांधणीतच आहे. रेक्स बायझल यांनी रेखाटलेलं हे विमान १९३८ मध्ये पहिल्यांदा उडालं. हेच बायझल पुढे कॉर्सेअर या लढाऊ विमानाचे जनक झाले. किंगफिशरचं वैशिष्ट्य म्हणजे धडाची पत्र्याची कातडी मोठ्या प्रमाणावर स्पॉट वेल्डिंगने जोडलेली. व्हॉट कंपनीने अमेरिकन नौदलाच्या कारखान्याबरोबर ही पद्धत विकसित केली, आणि त्यामुळे धड गुळगुळीत, कमी लाटा आणि कमी रोध असलेलं झालं. म्हणजे ज्या विमानाची ओळखच सपाट कातडी, त्याच्या धडावर आपण खोल रेषा कोरायच्या आणि रिव्हेटची रांग फिरवायची, हे उलटं काम आहे. पंखाच्या पुढच्या भागावर आणि फ्लोटवर रेषा ठेवा, धडावर मात्र हात आखडता घ्या. माझं मत विचाराल तर साठच्या दशकातल्या या साच्यातल्या उठावाच्या रेषा पूर्ण घासून टाकू नयेत. १००० नंबरच्या पेपरने त्यांची उंची निम्म्यावर आणा. सांधा घासताना जिथे त्या पुसल्या जातील तेवढ्याच जागी ताणलेल्या स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचा) केसासारखा तुकडा चिकटवून रेषा पुन्हा उभी करा. एकीकडे उठाव आणि एकीकडे खाच असं मिश्रण मात्र डोळ्यात खुपतं. एक तर हे, नाहीतर ते.

पंखाचा मुख्य स्पारच्या, म्हणजे आतल्या लांब कण्याच्या, मागचा भाग आणि सगळी हलणारी पृष्ठं कापडाने मढवलेली होती. तिथे पॅनेल रेषेचा प्रश्नच येत नाही. रिबच्या, म्हणजे कापडाखालच्या फासळ्यांच्या, पट्ट्या दिसतात, पण जुन्या किटमध्ये कापड दोन रिबमध्ये झोळीसारखं लोंबलेलं दाखवतात. डोप (कापड ताणून धरणारं रोगण) लावलेलं कापड ताठ असतं, जवळजवळ ढोलकीच्या कातड्यासारखं. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा असल्यामुळे बेळगाव भागात निवृत्त तंत्रज्ञ भेटतात. एखाद्या जुन्या एअरफ्रेम फिटरला कापडाचा पंख कसा दिसतो ते विचारून बघा, दहा फोटोंनी होणार नाही एवढं काम पाच मिनिटांत होईल. मी दोन रिबच्या मधे पातळ पुट्टी भरून झोळ कमी करतो आणि रिबच्या कडा बोटाने चाचपून लागतील, नजरेला जेमतेम दिसतील, एवढ्याच ठेवतो.

कॉकपिटवर फार लिहीत नाही, कारण तिथे तुम्हाला चाकाच्या विमानांचा अनुभव आहेच. फक्त कॅनपी लांबलचक आणि काचाच काचा, त्यामुळे मागच्या निरीक्षकाची जागाही पूर्ण दिसते, आणि किटमध्ये तिथे फारसं काही नाही. त्याची आसनाची कडी, मशीनगनचं माउंटिंग, रेडिओची पेटी आणि पट्टे एवढं प्लास्टिकच्या पट्ट्यांतून आणि मास्किंग टेपमधून केलं की जागा भरते. आतला रंग पिवळट-हिरवा, झिंक क्रोमेट गटातला. ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारं प्रायमर म्हणून तो नौदलाच्या विमानांत वापरला जायचा. कॅनपी चिकटवायला फेविकॉलच चांगला, फेविक्विकच्या वाफेने काच दुधाळ होते.

तारा. आधी माप समजून घ्या. खरी तार पाच मिलिमीटरची धरली तर १/४८ मध्ये ती ०.१ मिलिमीटर. बाजारातला बारीकातला बारीक तंगूस या मापाच्या आसपास येतो, म्हणून फ्लोटच्या ताणतारांना तोच वापरा. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे रेशमाचा सुंदर बारीक धागा मिळतो आणि मोह होतो, पण त्याला लव असते, आणि रंगाखाली ती लव काट्यांसारखी उभी राहते. घ्यायचाच असेल तर मेणावरून दोनदा ओढून घ्या. तार कुठून कुठे जाते हे मात्र किटच्या सूचनापत्रावरून नाही, तुम्ही निवडलेल्या विमानाच्या फोटोवरून ठरवा. स्ट्रटच्या मुळाशी ०.३ मिलिमीटरचं भोक रंगाच्या आधीच पाडून ठेवा. दाताच्या दवाखान्यातली वापरून बोथट झालेली रूट कॅनलची फाइल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये, धरली की यासाठी उत्तम चालते. तंगूस एका टोकाला चिकटवा, दुसऱ्या भोकातून ओढून ताणलेला ठेवून थेंब द्या, वाळल्यावर उदबत्ती जवळ न्या. न टेकवता. उरलेली ढील आपसूक निघते.

ॲरिअलची तार याहून बारीक. तिला ताणलेला स्प्रूच बरा, आणि ती सगळ्यात शेवटी.

रंगाचा आणि पावसाचा प्रश्न. निपाणीत पाऊस आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या मानाने कमी, पण जून ते सप्टेंबर हवा दमटच. लॅकर रंग अशा हवेत पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर दव धरतं. काम थांबवायची गरज नाही. पाण्यावरचे ॲक्रिलिक वापरा, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावा, आणि वाळायला दुप्पट वेळ द्या. आमच्याकडे पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती रंगवणारे कारखाने याच हवेत महिनोन्महिने स्प्रे चालवतात. त्यांच्याकडे कॉम्प्रेसर आणि ट्रॅप कसा जोडलाय हे जाऊन पाहण्यासारखं आहे. फक्त त्यांच्या गनचं नोझल मोठं असतं, आपल्याला ०.३ मिलिमीटरचं लागतं. आणि गॅरेजमधला एनसी थिनर प्लास्टिकवर थेट मारू नका, पॉलिस्टायरीनला तो खातो आणि पृष्ठभागावर जाळी पडते.

कोणता रंग, हे कोणत्या महिन्याचं विमान त्यावर. युद्धाच्या आधीची नौदलाची विमानं चंदेरी, पंखाचा वरचा भाग पिवळा. १९४२ मधलं किंगफिशर वरून निळसर करडं आणि खालून फिकट करडं. १९४३ च्या सुरुवातीपासून वर गडद समुद्री निळा, मधे मध्यम निळा, खाली पांढरा. तारकाचिन्हही बरोबर बदलतं. मे १९४२ मध्ये ताऱ्याच्या मधला लाल ठिपका काढला, कारण जपानी सूर्यचिन्हाशी गल्लत होत होती. जून १९४३ मध्ये दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि लाल किनार आली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ती किनार निळी झाली. तीन रंगांच्या विमानावर लाल ठिपक्याचं डेकल लावलेलं मॉडेल प्रदर्शनात अनेकदा दिसतं. डेकलच्या पत्रकावर जे आहे ते सगळं वापरायचं नसतं.

आता झिजवण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. चाकाच्या विमानावर आपण धूळ, चिखल, टायरने उडवलेले खडे दाखवतो. किंगफिशरला यातलं काही लागत नव्हतं. ते युद्धनौकेच्या कॅटपल्टवरून दारूच्या स्फोटाने फेकलं जायचं आणि परत यायचं ते समुद्रावर. जहाज वळून मागे पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार करायचं. विमान त्यावर उतरायचं आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या जाळीवर चढायचं. फ्लोटच्या पुढच्या भागाखालचा हुक त्या जाळीत अडकला की इंजिन मंद करायचं, मागचा माणूस बाहेर येऊन क्रेनचा हुक विमानाच्या पाठीवरच्या कडीत अडकवायचा, आणि विमान वर उचललं जायचं. हे चित्र डोळ्यासमोर आणलं की झीज कुठे हे आपोआप कळतं. फ्लोटच्या नाकाखाली जाळी घासते. कॉकपिटच्या कडेवर आणि पंखाच्या मुळाशी बूट पडतात. फ्लोटच्या वरच्या सपाट भागावर दोर बांधणारी माणसं उभी राहतात. क्रेनच्या कडीभोवती हुक आपटतो. एवढ्या चार जागी रंग उडवा, धातू दाखवा. बाकी ठिकाणी रंग फिका करा, पण उडवू नका.

पंखाच्या मुळाशी माणसं किती उभी राहिली असतील याचा अंदाज हवा असेल तर ३० एप्रिल-१ मे १९४४ दरम्यानचा, प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांजवळचा प्रसंग वाचा. युएसएस नॉर्थ कॅरोलायना युद्धनौकेचा वैमानिक जॉन बर्न्स पाण्यात पडलेले विमानसैनिक एकेक करून उचलत गेला. विमान माणसांनी एवढं भरलं की उडणं शक्यच नव्हतं. पंखांवर माणसं बसवून त्याने ते पाण्यावरूनच टँग पाणबुडीपर्यंत चालवत नेलं. सगळे वाचले. लाटांनी जायबंदी झालेलं विमान पाणबुडीने तोफेने बुडवलं. पाणबुडीवरून काढलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, त्यात पंखावर ओळीने बसलेली माणसं दिसतात. ४५० अश्वशक्तीचं, संथ, मारामारीला निरुपयोगी म्हणून हे विमान बाजूला टाकणाऱ्यांनी तो फोटो बघावा. मला तर हे विमान करावंसं वाटतं ते यासाठीच.

तांबड्या गंजाचे ओघळ फ्लोटवर काढू नका. फ्लोट ॲल्युमिनियमचा. तो गंजला तर पांढरट करडी भुकटी धरतो. तांबडा ओघळ फक्त पोलादी बोल्ट, कडी किंवा हुक यांच्याखाली, आणि तोही केसाएवढा. मिठाचे डाग दाखवायचे तर फिक्या करड्या ऑइल पेंटमध्ये भरपूर थिनर घालून फ्लोटच्या बाजूवर पाण्याच्या पातळीच्या जरा वर एक अस्पष्ट काठ सोडा, मग कोरड्या ब्रशने खाली ओढा. पांढऱ्या रंगाच्या तळावर हे दिसणार नाही म्हणून घाबरू नका, तिथे किंचित हिरवट मातकट छटा चालते. पुढे जाऊन रंग उडवायचं तंत्र विचाराल तर जाड मिठाचे खडे ओल्या पृष्ठभागावर ठेवून वर रंग मारायची पद्धत छान आहे, पण ती पावसाळ्यात करू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं, वाळतच नाही, आणि खड्यांच्या जागी डबकी तयार होतात. सध्या स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून ॲल्युमिनियम रंग टिपा.

एक्झॉस्टचा काळा डाग हवा, पण मऊ. जहाजावरची माणसं विमान गोड्या पाण्याने धूत असत, कारण मीठ राहिलं तर पत्रा खाल्ला जातो. म्हणून सगळं विमान एकसारखं मळकट केलं की ते कुणाच्याच ताब्यात नसल्यासारखं दिसतं.

ठेवण्याचं सांगून थांबतो. तुमच्याकडे गाडा नसेल तर सनबोर्डच्या दोन पाचरींवर फ्लोट टेकवा, एक पायरीच्या पुढे, एक मागे. मागची पाचर पाण्यातल्या सुकाणूला लागू देऊ नका, तो पहिल्यांदा तुटतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा भरा. फ्लोट पक्का करण्याआधी, म्हणजे फेविक्विकचा थेंब देण्याआधी, समोरून आणि मागून, कॅमेरा बरोबर मध्यरेषेवर ठेवून, लांबून झूम करून दोन फोटो काढा आणि मला पाठवा. जवळून काढलेला फोटो सरळ वस्तूही वाकडी दाखवतो.